दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा

पहिल्या भेटीतच तो माझं डोकं उडवणार होता.

आमच्या मामाच्या दुकानात गाडी वर उभी राहते आणि आम्ही खाली खड्ड्यात उतरून ऑइल बदलतो. दहा मिनिटांत काम फत्ते, गिऱ्हाईकाने गाडीतून उतरायचीही गरज नाही. त्या दिवशी हातातलं काम संपवून मी पायऱ्या चढले, डोकं बाहेर काढलं, तर नाकापासून वीतभर अंतरावर बंपर. पेट्रोलची गाडी येते तेव्हा आधी तिचा आवाज येतो. ही हायब्रिड होती, बॅटरीवर मांजरीच्या पावलांनी आलेली.

“खाली माणसं असतात, दिसत नाही का?” मी ओरडले.

काच खाली झाली. “नाही दिसलं. चुकलंच माझं.” मग जरा थांबून, “आणि हे मी कुणाला सांगूही शकत नाही… मी लोकांचे डोळे तपासतो.”

मला हसू आलं होतं. पण एकदा चिडले की लगेच हसायचं नाही, असा माझा नियम आहे. म्हणून मी त्याला बाकीचे नियम ऐकवले. “किल्ली द्या इकडे. ही भिंतीवरच्या डब्यात राहणार. किल्ली जवळ असली की तुमच्या गाडीचं इंजिन मनाला येईल तेव्हा आपोआप सुरू होतं, आणि तेव्हा माझा हात आत असतो. आणि हा ऑइलचा लाल दिवा बघून ठेवा. हा लागला तर पुढच्या वळणापर्यंतसुद्धा जायचं नाही. जिथे असाल तिथे कडेला, आणि बंद. समजलं?”

“समजलं. हे तुम्ही सगळ्यांना एवढं रागावून सांगता?”

“नाही. डोकं उडवणाऱ्यांनाच.”

काचेवरच्या चिठ्ठीवर मी लिहून दिलं होतं, पुढचं ऑइल आठ हजार किलोमीटरनंतर. तो दोन हजारांतच परत आला.

खालचा बोल्ट सोडला तर ऑइल मधासारखं पिवळं. हायब्रिडचं इंजिन अर्धा वेळ झोपलेलंच असतं, ऑइल काळं होणार कुठून? मी काही बोलले नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हाही बोलले नाही. मामाने मात्र त्याचं बारसं करून टाकलं. “भाचेबाई, तुमचा उतावळा आलाय,” अशी तो वरून हाक मारायचा. उतावळ्याच्या गुडघ्याला काय बांधलेलं असतं ते आठवून मी कानापर्यंत लाल व्हायचे. बरं तर बरं, खड्ड्यात अंधार असतो.

तो खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसून माझ्याशी बोलायचा. “ऑइलचा डबा नाकाजवळ धरून वाचता तुम्ही. चष्मा लागलाय.”

“मला काही लागलेलं नाही.”

“एकदा येऊन तर बघा माझ्या चष्म्याच्या दुकानात.”

“आधी तुम्ही आठ हजार पूर्ण करा.”

यावर तो मान खाली घालून हसायचा, आणि माझ्या हातातला पाना उगाच निसटायचा. मला तो आवडायला लागला होता. मला ठाऊक होतं, मामाला ठाऊक होतं. त्यालाच तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

चौथ्यांदा तो आला मंगळवारी सकाळी. मागची सीट काचेपर्यंत सामानाने भरलेली.

“कुठे निघालात?”

“दुसऱ्या शहरात,” तो म्हणाला. “डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी लागलीय. आई आत्याकडे आहे, तिला घ्यायचं आणि घाट चढायचा.”

“कधी?”

“आत्ताच… इथूनच.”

मी खड्ड्यात उतरले. बोल्ट असा काढला, जणू त्यानेच माझं वाटोळं केलं होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. फिल्टरच्या तोंडाशी रबरी रिंग असते. जुना फिल्टर काढला की त्याची रिंग खड्ड्यातल्या खिळ्याला लावायची. खिळ्यावर रिंग नाही, तर गाडी बाहेर नाही. कारण कधीकधी ती रिंग इंजिनलाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की रिंगवर रिंग येते, आणि इंजिनने जोर धरला की मधून ऑइल फुटतं. म्हणून शेवटी इंजिन दोन मिनिटं चालू ठेवून टॉर्चने बघायचं. हायब्रिडमध्ये तेही मुद्दाम करावं लागतं. ब्रेक, गिअर, अ‍ॅक्सिलरेटरची ठरलेली कसरत केली तरच इंजिन उठतं, नाहीतर नुसते दिवे लागतात आणि गाडी गप्प. सहा वर्षांत मी यातलं काही एकदाही विसरले नव्हते.

“एक विचारायचं होतं…” तो वरून म्हणाला.

नवा फिल्टर मी नुकताच बसवला होता, वरून मामाने ऑइल ओतलं होतं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं. तो वाकून बघेल अशी भीती वाटली. “मागे दुसरी गाडी थांबलीय,” मी म्हणाले. “झालंय तुमचं. निघा.”

त्याने भिंतीवरच्या डब्यातली किल्ली काढून घेतली. मग दिवे लागले, गाडी आवाज न करता माझ्या डोक्यावरून सरकली आणि खड्ड्यात लख्ख ऊन आलं. त्या उन्हात मला खिळा दिसला. रिकामा.

ट्रेमधला जुना फिल्टर उचलला, तोंडावरून बोट फिरवलं. रिंग नव्हती.

फॉर्मवरचा त्याचा नंबर लावला. फोन नुसता वाजत राहिला. गाडी चालवताना तो फोन उचलत नाही. गेल्या वेळी त्याने स्वतःच हे फुशारकीने सांगितलं होतं, आणि मी वर त्याचं कौतुक केलं होतं. निरोप लिहून पाठवला, तोही न वाचलेला पडून राहिला.

“मामा, मी रिंग विसरले. त्याच्या गाडीत दोन रिंगा आहेत. इंजिन लावून बघितलंही नाही.”

एरवी मामाच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. आता त्याने आधी हातातलं फडकं खाली ठेवलं. “गावात काही होणार नाही,” तो सावकाश म्हणाला. “बॅटरीवर चालेल. पण घाट…”

“घाट लागला की इंजिन पूर्ण ताकदीने उठेल. ऑइल सगळं रस्त्यावर. वळणावर इंजिन जाम झालं आणि मागून ट्रक असला तर…” मी मामाचा हात धरला. “आई आहे त्याच्याबरोबर.”

मामाने स्कूटरची किल्ली माझ्या हातात कोंबली. “कॅन घे, नवा फिल्टर घे. आणि रडायचं ते परत आल्यावर.”

दोन पायांमध्ये ऑइलचा कॅन धरून मी सुटले. आत्याकडे न जाता थेट घाटाकडे. मनात हिशोब मांडला होता, कुठलीही आत्या चहाशिवाय सोडत नाही, तेव्हा मीच आधी पोचेन. घाटाच्या पायथ्याला पेट्रोलपंप आहे. तिथे थांबले, आणि रस्त्यावर डाग दिसला. नाण्याएवढा, मधाच्या रंगाचा, ताजा. चार हातांवर दुसरा.

आत्याने चहा पाजला नव्हता.

चढ लागला तसे डाग मोठे होत गेले. आधी झाकणाएवढे, मग बशीएवढे, मग एक लांबच लांब ओघळ. स्कूटर कण्हत होती. प्रत्येक वळणाला मी मनाशी म्हणत होते, आता इथे नको, आता इथे नको. एक ट्रक हॉर्न देत खाली गेला तेव्हा मी स्कूटर पार कडेला घेतली. पहिलं वळण गेलं. दुसऱ्याच्या अलीकडे, कडेला, गाडीचे चारही दिवे लुकलुकत होते.

पुढचं एक चाक कडेच्या दगडी पट्टीवर चढवलेलं. चाकांमागे दगड. कठड्यावर त्याची आई पाण्याची बाटली घेऊन बसलेली, आणि तो तिच्यासमोर छत्री धरून उभा. दोघं धडधाकट. मला स्कूटर नीट स्टँडवर लावताही येईना.

“मी म्हणत होते, पुढे झाड आहे, सावलीपर्यंत तरी ने,” आई मला बघताच सांगायला लागली, जणू आमची जुनी ओळख. “तर हा ऐकेल तर शपथ. लाल दिवा लागला, तिथेच गाडी बंद. म्हणे, ती म्हणाली होती, पुढच्या वळणापर्यंतसुद्धा नाही.” मग तिने मला नखशिखांत न्याहाळलं. “ती म्हणजे तू का गं?”

मी मान हलवली.

“खाली दगड लागला असेल,” तो म्हणाला. “मघाशी एका खड्ड्यात आपटली होती. तुम्ही कशा आलात इथे?”

दगड. हो म्हणायला किती सोपं होतं. गाडीखाली जायचं, जास्तीची रिंग गुपचूप खिशात टाकायची. कुणाला कळलं असतं? तो दुसऱ्या शहरात निघून गेला असता आणि त्याच्या मनात मी चांगली राहिले असते. पण ज्याने माझ्या एका शब्दावर भर उन्हात गाडी उभी केली, त्याच्याशी खोटं कुठल्या तोंडाने बोलू?

“दगड नाही,” मी म्हणाले. “माझी चूक आहे. जुनी रिंग आत राहिली आणि मी न बघता तुम्हाला सोडलं. तुम्ही जाणार म्हणालात आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. तुम्हाला दोघांना काही झालं असतं तर… तुम्हाला काय बोलायचं ते बोला. मी ऐकून घेईन.”

डोळे तपासताना बघत असेल तसा तो शांतपणे माझ्याकडे बघत राहिला. संपलं सगळं, असं मी मनाशी म्हटलं. मग त्याने खिशातून किल्ली काढली.

“ही घेऊन किती लांब उभा राहू?”

“वीस पावलं,” मी कशीबशी म्हणाले.

तो मोठ्याने मोजत वीस पावलं गेला.

इंजिन निवेपर्यंत अर्धा तास वाट पाहिली. मग मी खाली सरकले. फिल्टर काढला, बोटांनी चाचपलं, आणि ती सापडली… चपटी, काळी, इंजिनला घट्ट चिकटलेली. ओढून काढली. त्या जागेवरून तीनदा बोट फिरवलं, मगच नवा फिल्टर बसवला, ऑइल ओतलं. मग त्याला आत बसवून सगळी कसरत सांगितली. “इंजिन लागलं की घड्याळ बघून दोन मिनिटं. मग लगेच बंद.”

मी कडेला आडवी झाले आणि टॉर्च मारला. इंजिन उठलं. कान देऊन ऐकलं, कुठे खडखड नाही. एक थेंबही नाही. वेळेवर थांबल्याने इंजिन वाचलं होतं.

“माझं विचारायचं राहिलंच,” खिडकीतून आवाज आला. “तिकडे गेल्यावर ऑइल कुठे बदलू?”

“तिकडे दुकानं नाहीत?” मी आवाज चढवला.

“आहेत. रागावणारं कुणी नाही.”

“काय?”

“म्हटलं, रागावणारं कुणी नाही!”

इंजिनच्या आवाजात माणसाला धीर येतो. शिवाय माझ्या तोंडासमोर तो नव्हता, नुसता फिल्टर होता. मी सगळा जीव एकवटून ओरडले, “ऑइल कुठेही बदल, पण मला तू आवडतोस –”

सांगितल्या कामात तो पक्का. दोन मिनिटं झाली आणि त्याने इंजिन बंद केलं.

“– पहिल्या दिवसापासून आवडतोस!”

सगळा घाट चिडीचूप. माझं वाक्य समोरच्या डोंगराला लागून परत आल्यासारखं वाटलं. मी टॉर्च बंद केला आणि तशीच पडून राहिले, बाहेर यायचं कुणाच्या जिवावर?

“ऐकलंस का रे?” कठड्यावरून आई म्हणाली. “की तिला परत म्हणायला सांगू?”

दार उघडलं. तो रस्त्यावर गुडघे टेकून वाकला. त्याचे कान लाल झाले होते. “मलाही,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून.”

“मग सांगायला चार महिने?”

“तीन वेळा चांगलं ऑइल ओतून टाकायला लावलं. अजून कसं सांगायचं?”

मी हसले. या वेळी नियम मोडला.

नोकरी त्याची ठरलेली होती, त्याला जावं तर लागणारच होतं. मी हात पुसले आणि काचेवरची चिठ्ठी नवी लिहिली. त्याने वाकून वाचली. “पुढचं ऑइल… सहाशे किलोमीटरनंतर?”

“तिथे जाऊन परत माझ्यापर्यंत यायला तेवढेच होतात,” मी म्हणाले. “आणि येताना ते डोळ्यांचं यंत्र आण. चष्मा लागला असेल तर घालीन मी.”

गाडी वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते. या वेळी तिचा आवाज येत होता.

दुकानाच्या दारात मामा उभाच होता. माझा चेहरा बघून त्याने सुस्कारा सोडला. “गेला का उतावळा?”

“गेला. सहाशे किलोमीटरवर बोलावलाय परत.”

“सहाशे?” मामाने टकलावरून हात फिरवला. “आणि उतावळा म्हणे तो.”

मी खड्ड्यात उतरले, खिशातली रिंग काढून खिळ्याला लावली, आणि परत आल्यावर रडायचं ठरलं होतं, ते रडून घेतलं.