चार महिने आणि पंधरा मिनिटं

“नाव?”

“अवनी गद्रे.”

“वय?”

“सतरा. आई-बाबांच्या सहीचा फॉर्मपण आणलाय हं!”

पहिला नंबर अवनीचाच होता, आणि का नसावा? सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या हॉलमध्ये मराठी मंडळाने रक्तदान शिबिर घ्यावं ही कल्पना तिची. पोस्टर तिचं. संक्रांतीच्या तिळगूळ समारंभालाच जोडून घेऊ, म्हणजे माणसं आपोआप येतील, ही युक्तीही तिचीच. मंडळाच्या कमिटीतली सगळ्यात लहान मेंबर ती, पण त्या दिवशी काळी साडी नेसून अशी वावरत होती की जणू हॉल तिच्या मालकीचाच!

टेबलामागचा मुलगा मान खाली घालून लिहीत होता. ब्लड बँकेच्या व्हॉलंटियरचा लाल टी-शर्ट, कपाळावर आलेले केस, आणि अक्षर मात्र असं सुरेख की कुणालाही हेवा वाटावा.

“गेल्या चार महिन्यांत सिंगापूरबाहेर कुठे?”

“पुण्याला. आजीकडे. डिसेंबरमध्ये.”

पेन थांबलं. त्याने वर पाहिलं, आणि अवनीला उगीचच वाटून गेलं की आपली टिकली वाकडी तर नाही ना...

“सॉरी,” तो म्हणाला. “मलेरियाच्या भागात जाऊन आलं की चार महिने रक्त देता येत नाही.”

“पण मला कुठे मलेरिया झालाय?”

“नसेल झाला. पण रक्तात लपून राहू शकतो. आणि ज्याला ते रक्त चढवायचं तो बिचारा आधीच आजारी असतो ना? मे महिन्यात ये.”

“अरे, हे शिबिर मी भरवलंय!”

“वा!” त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “मग हे सगळ्यात आधी तुलाच माहीत हवं होतं, नाही का?”

अवनीचे कान तापले. नियमांचा कागद ईमेलला जोडून आलाही होता. पोस्टरचे रंग निवडायच्या नादात तिने तो उघडलाच नव्हता.

त्यानंतर जे झालं ते आठवलं तरी तिला आजही उशीत तोंड खुपसावंसं वाटतं. साधनाकाकू ठाण्याला जाऊन आलेल्या. प्रबोधकाका नागपूरला. एकामागून एक माणसं ऐटीत बाह्या सरसावून जात होती आणि हिरमुसून परत येत होती. शाळेला सुट्टी लागली की सिंगापूरचा मराठी माणूस डिसेंबरात कुठे जातो, हे सगळ्यांना ठाऊक; पण जानेवारीत शिबिर ठेवताना एकाच्याही डोक्यात आलं नाही! त्रेसष्ट जण आले. चोपन्न जण तिळगूळ खाऊन घरी गेले. पिशव्या भरल्या नऊ.

शेवटी अध्यक्ष दीनानाथकाकांनी माइक घेतला. “मुलं लहान आहेत, चालायचंच. पुढच्या वर्षीपासून आपली अंताक्षरीच बरी!”

हॉल हसला. अवनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं... आणि काय झालं तिचं तिलाच कळलं नाही, तिने सरळ काकांच्या हातातला माइक काढून घेतला.

“पुढच्या वर्षी नाही, काका. याच वर्षी. मे महिन्यात. पन्नास पिशव्या!”

 कोपऱ्यातल्या टेबलामागून एकट्यानेच कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

खुर्च्या आवरताना तो जवळ आला. “पन्नास म्हणालीस? घरोघरी फिरावं लागेल.”

“फिरेन.”

“एकटी?”

“का, तू येतोयस?”

“विचारलंस तर येईन की. मी कुशल.”

“म्हणजे तू मराठी आहेस?”

“इतका वेळ तुला मराठीतच हाकलत होतो, लक्षात नाही आलं?”

अवनीला रागवायचं होतं. पण हसूच आलं.

आणि मग सुरू झाले त्यांचे शनिवार.

मंडळाची निम्मी कुटुंबं सेंगकांग उपनगरातली. दोघं एलआरटीने, म्हणजे तिथल्या छोट्या लोकलने, इमारतींचा एकेक ब्लॉक पालथा घालायचे. अवनी दारातूनच धडाधड बोलायला लागायची, आणि कुशल शांतपणे वही उघडून विचारायचा, “शेवटचं भारतात कधी? परत कधी आलात? पुढचं तिकीट कधीचं?”

“अगदी इमिग्रेशन ऑफिसर आहेस!” अवनी त्याला चिडवायची.

“आणि तू बॉस. स्टॅम्प तू मार.”

प्रत्येक घरी पोहे. चौथ्या घरापर्यंत कुशल अक्षरशः हात जोडायचा. “आंटी, एनफ लाह... खरंच पोट फुटेल!” काकुळतीला आला की त्याच्या तोंडी सिंगापुरी ‘लाह’ यायचंच. सुरेखाकाकूंनी तर त्याला तिसऱ्यांदा वाढता वाढता अवनीच्या कानात विचारलं, “हा कोण गं?”

“व्हॉलंटियर आहे, आंटी,” कुशलनेच उत्तर दिलं. त्याचे कान भलतेच तिखट.

“असं होय,” काकू म्हणाल्या. ‘असं’ म्हणताना त्यांनी जी मान हलवली, ती अवनीला पुढची तीन स्टेशनं आठवत राहिली.

एकदा परतताना पाऊस आला. बाहेरचे ब्लॉक काचेवरून ओघळत चालले होते. अवनीने विचारलं, “तू कसा पडलास रे या सगळ्यात?”

त्याने वही मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, “धाकटी बहीण झाली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आईचा रक्तस्राव थांबेना. बाबा साताऱ्याचे. आजोबांच्या ऑपरेशनला तिथे त्यांनी ऑफिसातले चार जण धरून नेले होते रक्त द्यायला. त्यांना वाटलं, इथेही माणसं आपणच उभी करायची. वॉर्डाबाहेर फोन लावत सुटले... तुझा ग्रुप कोणता? तू येतोस का? तर नर्सने त्यांचा हात धरून फोन खाली केला. म्हणाली, सर, कुणालाही आणायची गरज नाही. रक्त आहे.”

“मग?”

“अकरा पिशव्या लागल्या.”

“कुणाच्या?”

“तेच तर... माहीत नाही. कोण होते, काय होते. माझ्या आईला ओळखतही नव्हते, आणि तिच्यासाठी आधीच देऊन ठेवलेलं होतं. एखाद्या मंगळवारी ऑफिस सुटल्यावर आले असतील, रक्त दिलं असेल, घरी जाऊन जेवले असतील.” तो हसला, पण डोळे ओले होते. “बाबा अजून लिफ्टमध्ये अनोळखी माणूस दिसला की हसून गुड मॉर्निंग म्हणतात. म्हणतात, असेल यांतलाच एखादा.”

 अवनीने त्याच्या मांडीवरची वही उचलून आपल्या पिशवीत ठेवली. भिजू नये म्हणून... दुसरं काय!

एप्रिलच्या सुरुवातीला वहीत अठ्ठावन्न नावं होती. अट एकच, मे महिन्यापर्यंत कुणी भारतात जायचं नाही.

आणि नेमकी नाशिकहून पत्रिका आली. अनुयाताईचं लग्न. सव्वीस एप्रिल.

“सख्खी मामेबहीण तुझी! आणि तू करवली आहेस!” आईचा, म्हणजे नंदाताईंचा, आवाज चढला. “नवरीच्या मागे कऱ्हा घेऊन कोण उभं राहणार?”

“आई, सुरेखाकाकूंना मी शिर्डी पुढे ढकलायला लावली. प्रबोधकाका सख्ख्या भावाच्या वास्तुशांतीला गेले नाहीत. आणि मी पैठणी नेसून मिरवू?”

“तू दिलं नाहीस म्हणून काय जग थांबणार आहे?”

“नाही थांबणार. पण मी...” अवनीने पत्रिका आईपुढे ठेवली. “मी नाही येणार.”

बाबांनी, निशिकांतरावांनी, पेपर डोळ्यांपुढे धरला. आईने मात्र मे महिन्याच्या शिबिराचा सहीचा कोरा फॉर्म घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. “सही मी करणार. आणि आत्ता करणार नाही.”

कुशलला एलआरटीत सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “जा ना. लग्न एकदाच होतं. शिबिर तू रक्त न देताही होईल.”

“होईल की. पण मग मी कुणाला कुठल्या तोंडाने ‘जाऊ नका’ म्हणू?”

 तो नुसता तिच्याकडे बघत राहिला... इतका वेळ, की स्टेशन मागे पडलं. सेंगकांगची एलआरटी गोल फिरून परत तिथेच येते, म्हणून बरं. दोघांनी पूर्ण फेरी मारली आणि कुणीच तक्रार केली नाही.

आई-बाबा नाशिकला गेले, आणि लग्न अवनीने साधनाकाकूंच्या घरी फोनवर पाहिलं. मामेभावाने फोन असा काही धरला होता की नवरी कमी आणि मांडवातले पंखे जास्त दिसले. मंगलाष्टकं संपली तेव्हा ती बाथरूममध्ये नळ सोडून मनसोक्त रडली. मग तोंड धुऊन तिने अठ्ठावन्न जणांना मेसेज केला : तीन आठवडे राहिले. पालक खा. पाणी प्या.

मे महिन्यातला तिसरा रविवार. तोच हॉल. सकाळी नऊलाच दारापर्यंत रांग! पहिल्या टेबलावर अवनी, शेजारी कुशल. आई-बाबा नाशिकहून परतले होते. त्यांना रक्त देता येणार नव्हतं, तरी मायलो या चॉकलेटी पेयाच्या आणि बिस्किटांच्या टेबलावर ते उभे होते. आई अजूनही लेकीशी मोजकंच बोलत होती. फॉर्म अजूनही पर्समध्येच.

रांगेत सगळ्यात पुढे दीनानाथकाका. कडक इस्त्रीचा कुर्ता आणि बरोबर फोटोग्राफर.

“काका, गेल्या चार महिन्यांत बाहेर कुठे?”

“लिही, कुठे नाही.” मग जरा वाकून, हळूच, “मार्चमध्ये एक दिवस चेन्नईला गेलो होतो गं, ऑफिसच्या कामाला. विमानतळ, हॉटेल, विमानतळ. ते काय जाणं झालं? नको लिहूस. अध्यक्षच मागे राहिला तर बरं दिसतं का?”

 काकांनी मनात आणलं तर तिचं शिबिर इथेच बंद. मागे चाळीस माणसं. कुशलने पेन खाली ठेवलं होतं. तो बोलू शकला असता, पण तो तिच्याकडे बघत थांबला.

“काका,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज मुळीच कापला नाही. “मी अनुयाताईच्या लग्नाला गेले नाही.”

“अं?”

“करवली होते मी. नाही गेले. या रांगेतल्या कितीतरी जणांनी तिकिटं पुढे ढकलली आहेत. पुढे कुणाला हे रक्त चढणार ते आपल्याला माहीत नाही, त्यालाही आपण माहीत नाही. त्याने आपल्यावर विश्वास ठेवायचा तो याच कागदाच्या भरवशावर ना? तुमचे चार महिने जुलैत पुरे होतील. तेव्हा मी स्वतः तुम्हाला ब्लड बँकेत घेऊन जाईन. आज नाही.”

 काकांचा चेहरा लाल झाला... मग हळूहळू नेहमीसारखा झाला. ते वळले आणि त्यांनी माइक उचलला.

“मंडळी, या पोरीने मला नापास केलंय! माझ्या मागे लपून सटकायचा कुणाचा बेत असेल तर तो फसला. चला, पुढे व्हा!”

हसण्याचा जो कल्लोळ उठला त्यात अवनीला आधी कळलंच नाही, की आई टेबलाशी येऊन उभी आहे. आईने पर्स उघडली, घडी घातलेला फॉर्म काढला, अवनीच्या हातातलं पेन घेतलं आणि तिथेच, उभ्यानेच, सही केली.

“नाश्ता केलायस का नीट?” एवढंच विचारलं. पण विचारताना मान... मान अशी ताठ, की मामाने नाशिकहून पाहिली असती!

बोट टोचलं, थेंब तपासला, पास! अवनी कोचावर आडवी झाली. सुई टोचली तेव्हा तिने डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा शेजारच्या कोचावर कुशल होता.

“भीती वाटतेय, बॉस?”

“मला? तुझाच चेहरा पांढरा पडलाय.”

“दर वेळी पडतो,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “सुई बघवत नाही मला. कुणाला सांगू नकोस, प्लीज लाह.”

ती इतकी हसली की नर्स ओरडली.

मग दोन खुर्च्या, दोन मायलो. नर्सने बजावलं, “पंधरा मिनिटं. उठायचं नाही.” अवनीच्या डाव्या दंडाला पट्टी, कुशलच्या उजव्या. तो तिच्या उजवीकडे बसला होता.

माइकवर काका गरजले, “त्रेपन्न! मंडळी, त्रेपन्न पिशव्या!” टाळ्यांनी हॉल दणाणला. अवनीला खुर्चीवर उभं राहून नाचावंसं वाटलं, पण नर्सचं बोट वर गेलंच. ती बसल्या बसल्याच रडत हसली. ओळख ना पाळख अशा त्रेपन्न घरी आता कुणाला फोन करत धावावं लागणार नव्हतं...

“अवनी,” कुशल म्हणाला. “पंधरा मिनिटं तू पळू शकत नाहीस, म्हणून आत्ताच विचारतो.”

“काय?”

“चार महिने सगळ्या आंट्या विचारतायत, हा कोण. आणि मी सांगतोय, व्हॉलंटियर.” त्याने मायलोचा कप खाली ठेवला, उगीच परत उचलला. “मला... मला ते आता पुरत नाही. तू काकांना जे बोललीस ना, तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटलं, की ही... आय मीन, ही माझी... ए, हसू नकोस गं! उद्या कुणी विचारलं तर काय सांगू?”

अवनीने हॉलकडे पाहिलं. रांग अजून संपली नव्हती. दीनानाथकाका बिस्किटं वाटत होते. जानेवारीत याच हॉलमध्ये तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं होतं. आज वाटत होतं, सगळ्यांनी बघावं.

“सांग, अवनीचा.”

“अवनीचा... कोण?”

“एवढंच सांग. पुढचं लावू दे त्यांचं त्यांना.”

पट्टी नसलेले दोन हात शेजारी शेजारीच होते. कोणाचा आधी हलला, हे दोघांपैकी कुणीही आजतागायत कबूल केलेलं नाही. मायलोच्या टेबलावरून आईने पाहिलं, आणि अगदी सावकाश, मुद्दाम, पाठ फिरवून ती कप मोजायला लागली.

“टाइम अप,” नर्स म्हणाली. “आता उठलात तरी चालेल.”

दोघंही उठले नाहीत.