थंडीची सवय

छतातून टपकन एक थेंब माझ्या कपाळावर पडला. पुसला, तर दुसरा. बाहेर रणरणतं ऊन, खिडक्यांच्या काचा घट्ट बंद, अख्खा डबा कोरडाठाक, आणि पाऊस माझ्या एकटीच्या डोक्यावर.

"जरा सरकता का?" कुणीतरी म्हणालं. निळा शर्ट, खिशाला खोचलेला स्क्रूड्रायव्हर. डब्याचा एसी मेकॅनिक होता तो. चपला काढून तो आमच्या बाकावर चढला, छतातलं झाकण उघडून आत काहीतरी साफ केलं आणि थेंब थांबले. मी मात्र शिंकले. ओळीने, न थांबता.

"थंडी वाजतेय? कमी करू का?" त्याने खाली बघत विचारलं. डोळे हसरे होते मेल्याचे.

मी मान हलवायच्या आत आत्या म्हणाली, "काही नको. आहे तसंच राहू दे."

आत्याचं गणित वेगळं होतं. मी लाँड्रीत इस्त्री करते. दिवसभर तापलेली इस्त्री आणि कपड्यांची वाफ, थंडीशी माझा संबंध आंघोळीपुरता. आजवर आम्ही उघड्या खिडकीशी बसून, धूळ खात प्रवास केला. मग गरिबालाही परवडेल अशी ही थंड गाडी सुरू झाली. बाक अरुंद, पांघरूण हवं तर त्याचे पैसे वेगळे, पण गारवा सगळ्यांना सारखा. आत्याने हट्टाने हीच तिकिटं काढली, कारण आम्ही निघालो होतो माझ्यासाठी आलेलं स्थळ पाहायला आणि त्या घरात म्हणे खोलीखोलीत एसी होता. तिथे जाऊन मी कुडकुडले तर शोभा होईल, म्हणून आधीच सवय करायची. पांघरूणही घेऊ दिलं नाही तिने.

डब्यातली बाकीची मंडळी तरी कुठे शहाणी होती? समोरचा गवंडी डोक्याला टॉवेल गुंडाळून बसला होता, त्याची बायको पदरात हात लपवून. तरी एसी कमी करायचं नाव काढलं की दोघं अंगावर धावून जात. थंडीचे पैसे भरलेत, मग थंडी पुरेपूर मिळालीच पाहिजे.

मेकॅनिक पुन्हा आला. थेंब पडतो का बघायला, म्हणे. मग आणखी एकदा आला. त्या खेपेला त्याने माझ्या डोक्यावरच्या जाळीची पट्टी हळूच वळवली आणि गार झोत सरळ आत्यावर गेला. आत्याने शाल ओढली, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. मी खिडकीकडे तोंड करून हसले, तर काचेत तोही हसताना दिसला.

अख्खा डबा त्याला दादा म्हणत होता. माझ्या तोंडून मात्र ते काही केल्या निघेना.

दुपार कलली आणि एसी बंद पडला. खिडक्या उघडत नव्हत्या. बघता बघता डब्याचा कुकर झाला. ज्याला सकाळपासून दादा, दादा करत होते त्यालाच लोक आता फैलावर घेऊ लागले. तो दाराजवळच्या पेटीत डोकं घालून बसला होता, दातांत टॉर्च धरून. मी उठले आणि टॉर्च हातात घेतला.

"तुम्हाला उकडत नाही?" घाम पुसत त्याने विचारलं.

"मी इस्त्रीवाली. हे माझं रोजचंच हवामान."

तो हसला. मग तारा चाचपत, कुठे निघालात, कशासाठी, असं विचारलं. मी सांगितलं... खोलीखोलीतल्या एसीसकट सगळं. त्याचा हात जागच्या जागी थांबला.

"चांगलंच आहे की," तो तारांनाच म्हणाला. "फक्त तिथला एसी बिघडला, तर मला बोलावू नका."

"का?"

"मी येणार नाही."

टॉर्चचा उजेड तारांवरून त्याच्या चेहऱ्यावर गेला. मीच तो वळवला होता. तेवढ्यात पेटीतून घरघर आली, गार हवा सुटली आणि डबाभर टाळ्या पडल्या.

मी जागेवर येऊन बसले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. आमचं स्टेशन जवळ आलं होतं. आत्ता बोलले नाही, तर जन्मभर त्या गार घरात शिंकत बसावं लागलं असतं.

"आत्या, मला ते घर नको."

"थंडीला घाबरलीस?"

मी नुसतं नाही म्हटलं. डोळे मात्र चुगलखोर, सरळ दाराकडे गेले. आत्याने माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. "अगं, पायाला भिंगरी लावलेला माणूस तो. आज इथे, उद्या तिथे."

"गाडी परत येतेच ना, आत्या."

आत्याने त्याला हाक मारली. तो हात पुसत आला आणि सुरू झाली उलटतपासणी. घरी आई आहे, धाकटी बहीण नर्स आहे, नोकरी पक्की आहे, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. गवंडी आणि त्याची बायको कान टवकारून ऐकत होते.

"आणि घरी एसी?" आत्याने शेवटचा पत्ता टाकला.

तो कानापर्यंत लाल झाला. खोटं बोलला असता तर कुणाला कळणार होतं? "नाही," तो म्हणाला. "भाड्याचं घर आहे, वर पत्रे. उन्हाळ्यात भट्टी होते नुसती." हे सगळं तो आत्याला नाही, मला सांगत होता.

"मला चालेल," मी म्हणाले.

खरं तर मला अजून कुणी काही विचारलंच नव्हतं. गवंड्याची बायको पदर तोंडाला लावून हसली. आत्याने कपाळावर हात मारला.

"थांबा," तो म्हणाला, "आधी मला विचारू तर द्या."

आणि सगळ्या डब्यादेखत त्याने विचारलं.