गुरुवारचा टाका

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली, आणि ठकीच्या आईनं दाराची कड घट्ट धरली. दिवा गेला, पंखा थांबला. खांद्याच्या पिशवीत शिक्षण खात्याचा अर्ज होता, पिवळ्या लोकरीचा गुंडा होता आणि दोन लाकडी सुया. अर्ज चौथ्या मजल्यावर द्यायचा होता. तिनं घाबरून सगळी बटणं एकामागोमाग एक दाबून पाहिली.

पाच मिनिटांनी वरून एका पुरुषाचा आवाज आला. "आत किती माणसं?"

"एक... मी एकटीच."

"जाड की बारीक?"

"हा काय प्रश्न झाला?"

"वजन विचारतोय बाई, वय नाही. लिफ्ट हातानं ओढायचीय."

एवढ्या भीतीतही तिला हसू आलं. "बारीकच. म्हणजे... बऱ्यापैकी."

"मग घाबरू नका. आणि बोलत राहा. बोलणारी माणसं बेशुद्ध पडत नाहीत. कुठे निघाला होतात?"

अंधारात, चेहरा न दिसणाऱ्या माणसाला खरं सांगणं सोपं असतं. तिनं सांगून टाकलं. मुलगी सहा वर्षांची. शाळेत तीन महिने एक शब्द बोललेली नाही. रोज सकाळी पोट दुखतं, आणि फ्रॉकची कॉलर चावून चावून चाळणी झालीय. आता तिला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलंय, वेगळ्या पद्धतीनं. आधी हात, मग अक्षरं. ओल्या कागदावर रंग, मेणाचे प्राणी, लाकडाचे ठोकळे, गोष्टी, आणि विणकाम.

"तुम्हाला विणता येतं?"

"नाही," ती म्हणाली, आणि हे आपण पहिल्यांदाच मोठ्यानं कबूल करतोय हे तिच्या लक्षात आलं.

 वर साखळी खडखडली. मग आवाज म्हणाला, "मला येतं."

दार उघडलं तेव्हा गुडघ्यावर बसलेला, कोपरापर्यंत ग्रीस माखलेला माणूस तिला दिसला. त्यानं हात पुढे केला, मग तो काळा आहे हे पाहून मागे घेतला, मग पँटला पुसून पुन्हा पुढे केला. हात धरताना तिच्या छातीत जे धडधडलं ते लिफ्टमुळेच, असं तिनं स्वतःला बजावलं. त्या दिवसापासून मात्र तिनं लिफ्टचं नाव काढलं नाही. कुठेही जायचं असो, जिना बरा.

"विणणारा लिफ्टवाला?" तिची आई म्हणाली. "उद्या म्हणशील, पोहणारं मांजर सापडलं."

पण गुरुवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो ठकीला विणायला शिकवायला आला. हात कोपरापर्यंत घासून लाल केलेले. लहानपणी पाय मोडून वर्षभर प्लास्टरमध्ये पडून होता, तेव्हा मावशीनं विणायला शिकवलं, असं त्यानं ठकीच्या आजीला सांगितलं. आजीबाईंनी त्याची सुई धरण्याची पद्धत पाहिली आणि मुकाट्यानं चहा टाकला.

घरात आता आठवड्याला एक लय होती. सोमवारी रंग, मंगळवारी पीठ मळायचं, बुधवारी मेण, गुरुवारी लोकर. वाचता न येणाऱ्या ठकीसाठी भिंतीवर सात चौकोन काढले होते आणि प्रत्येकात एक चित्र. दुपारी आई रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला जाई तेव्हा आजी गोष्ट सांगे, तीच गोष्ट आठवडाभर. लिफ्टवाला ठकीशेजारी जमिनीवर बसून विणताना गुणगुणायचा –

"आत शिरा, पाहुणा घ्या, बाहेर पडा, उतरवून द्या."

अठरा टाक्यांची पट्टी. तिसऱ्या गुरुवारी ठकीनं तोंडातून कॉलर काढली आणि विचारलं, "पाहुणा कोण?"

"दोरा. सुई ही लिफ्ट."

"आणि लिफ्ट अडकली तर?"

"तर काका येतो," तो म्हणाला, पण बघत मात्र तिच्या आईकडे होता. ठकीच्या आईनं उगीचच कपबशा उचलल्या.

सुख असलं की तिला भीती वाटायचीच. चार वर्षांपूर्वी नवरा वेगळा झाला तेव्हापासूनची ही सवय. लॅबमध्ये प्रत्येक आकड्याला खालची आणि वरची मर्यादा असते. त्यात बसला तर माणूस ठीक. ठकीला कुठली मर्यादा लावायची? शेजारची पाच वर्षांची मुलगी पाट्या वाचते, आणि आपली मेणाची बदकं करतेय. आपण पोरीचं वाटोळं तर करत नाही ना? आणि हा माणूस, ज्याची पावलं ठकी गुरुवारी सकाळपासून ऐकत बसते, तोही एक दिवस यायचा बंद झाला तर?

घरी शिकवायला मिळालेली परवानगी सहा महिन्यांची होती. ती संपायला तीन आठवडे उरले असताना खात्याचं पत्र आलं. मुलीला घेऊन कार्यालयात हजर राहावं, वयानुरूप वाचन-लेखन तपासलं जाईल, समाधान न झाल्यास पूर्वीच्याच शाळेत दाखल करावं लागेल.

तिचं धाबं दणाणलं. त्याच दिवशी ती अक्षरं गिरवायची वही घेऊन आली. लोकर कपाटावर गेली, मेण फडताळात गेलं. दहा दिवस रोज सकाळी, "बघ इकडे. हे काय? सांग ना... काल तर सांगितलं होतंस." ठकीची कॉलर पुन्हा ओली राहू लागली. एका गुरुवारी ठकी लोकर काढून चोरून विणायला बसली तर आईनं अर्ध्या ओळीत सुया काढून घेतल्या. नेमका तेव्हाच लिफ्टवाला दारात उभा होता.

त्यानं वही पाहिली, ठकीला पाहिलं. ठकी त्याच्याशीही बोलली नाही.

"लिफ्ट येत नाही म्हणून लोक बटण दाबत सुटतात," तो हळूच म्हणाला. "एकदा दाबलेलं तिला कळलेलं असतं. ती निघालेली असते."

"तुम्हाला बोलायला काय जातं? तुमची मुलगी नाहीये ती."

"नाही," तो म्हणाला. "म्हणून तर फक्त गुरुवारी येतो."

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. ठकी दारापाशी पाट घेऊन बसली होती. दुपारपर्यंत तिथेच. ते पाहून आईनं वही उचलून कपाटात कोंबली, लोकर खाली काढली, आणि न्हाणीघरात जाऊन रडली. पोरीला वाचवायच्या धडपडीत आपण तिचे दोन्ही आधार काढून घेतले, हे तिला कळून चुकलं होतं. फोन तिनं तीनदा हातात घेतला. लावायचं धाडस झालं नाही.

तपासणीच्या दिवशी कार्यालयाच्या इमारतीत ती सवयीनं जिन्याकडे वळली. ठकीनं हात सोडवून घेतला आणि लिफ्टकडे बोट केलं. तिथे 'काम चालू' अशी पाटी होती आणि पाटीमागून तो उठत होता.

"झालं काम," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "आज तुमची तारीख आहे ना. सकाळी सातपासून एकेक बोल्ट तपासलाय."

"तुम्हाला तारीख लक्षात होती?"

"मला सगळंच लक्षात राहतं. तीच पंचाईत आहे."

तिनं ठकीचा हात धरला आणि ती आत गेली. तो सोबत आला. चारही मजले ठकी पुटपुटत होती, "आत शिरा, पाहुणा घ्या..."

तपासणीच्या बाई चष्म्याच्या, थकलेल्या. त्यांनी टेबलावर अक्षरांची कार्डं मांडली. "हे कुठलं?" ठकी गप्प. दुसरं कार्ड, तिसरं. ठकी गप्प. बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि आई खुर्चीच्या कडेला सरकली.

"हातात काय आहे गं तुझ्या?" बाईंनी लिहिण्याआधी सहज विचारलं.

ठकीनं पिवळी पट्टी टेबलावर ठेवली. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली, मग एका जागी बोट थांबलं. "इथे भोक पडलंय."

ठकी त्या भोकाकडे पाहत राहिली. मग ठकी म्हणाली, "तिथे आईनं सुया काढून घेतल्या. मग काका आले नाहीत."

आईनं चमकून तिच्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाशी ठकी बोलली होती.

"एक टाका सुटला," ठकी बोट ठेवून समजावू लागली. "अठराचे सतरा झाले. मग आईनं वही कपाटात ठेवली. मग मी एक वाढवला. हे बघा, परत अठरा." तिनं मोजून दाखवले. मग बाईंच्या स्वेटरकडे निरखून पाहिलं. "तुमच्या बाहीचापण एक सुटलाय. वेळीच उचला, नाहीतर खालपर्यंत उसवतं."

बाईंनी बाही पाहिली. मग आधीच्या शाळेचा शेरा पुन्हा वाचला – 'मुलगी प्रतिसाद देत नाही.' त्या कागदावर त्यांनी एक सरळ रेघ मारली. "अजून सहा महिने देते," त्या कडक आवाजात म्हणाल्या. "पण तेव्हा अक्षरंही बघेन हं. मोजणी आज झाली."

बाहेर तो भिंतीला टेकून उभा होता. तिनं काही सांगण्याआधी ठकीनंच सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बाईंच्या बाहीसकट. तो ऐकत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

"तो सुटलेला टाका..." ती म्हणाली. "आता उचलता येईल का?"

"येतो. खालून वर, एकेक ओळ. घाई केली नाही तर."

"मला भीती वाटते हो. तुम्ही येता तेव्हा वाटते... आणि नाही आलात की त्याहून जास्त."

"मलाही वाटते," तो म्हणाला. "इतकी वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरतोय, तिथे कधी वाटली नाही. तुमच्या दाराची बेल वाजवताना वाटते."

"मग आता गुरुवार?" ठकीनं खालून विचारलं.

"गुरुवार नको," आई म्हणाली. त्याचा चेहरा उतरला. तसं घाईघाईनं तिनं पुढचं सांगून टाकलं, "घरी गेल्यावर तू सगळ्या चौकोनांत काकांचं चित्र काढ. रविवारीसुद्धा... त्यांना चालणार असेल तर."

"चालेल," तो म्हणाला. मग ठकीकडे वाकून पुन्हा म्हणाला, "चालेल."

तिनं लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट येईना. सवयीनं हात पुन्हा बटणाकडे गेला, अर्ध्यात थांबला, आणि मग तिनं तो त्याच्या हातात दिला. तिघं उभी राहिली. खाली कुठेतरी साखळी खडखडली, म्हणजे ती निघाली होती.