अकराव्या रॉडखालची सासू

घाबरू नका, ही दिवसाढवळ्याची गोष्ट आहे.

बहात्तरच्या दुष्काळात जिंतूरहून बोअरची गाडी आली. दिवस मावळेपर्यंत पाणी लागलं नाही, तर ती पुढच्या गावाला जाणार होती. मी बालवाडीची बाई. गावात घड्याळ माझ्याच हाताला. म्हणून व्यंकटराव मिस्त्रींनी मला वही दिली. दहा फुटांचा एकेक रॉड आत जायला किती मिनिटं लागतात, ते लिहायचं.

"काळा दगड हाय, बाई. जितकं खोल तितका उशीर."

सातवा रॉड वीस मिनिटं. दहावा तीस. अकरावा… चार!

मिस्त्रींनी मशीन बंद केलं, वही दोनदा वाचली. "खोल जाऊन बी सोपं व्हायलंय… म्हंजे खाली दाब हाय. खालून कुनीतरी दगड वर ढकलायलंय, म्हनून तो भुसभुशीत झालाय."

भर दुपार. पानही हलत नव्हतं. आणि त्या भोकातून गार वारा आला. त्याला जळक्या मिश्रीचा वास होता. मग खोलवरून, सावकाश… "हूं…"

शेजारच्या चांगुणाबाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला. "आत्याबाई!"

त्यांची सासू सरजाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. जन्मभर ती आडावर बसून मिश्री लावायची. कुठल्याही सुनेची दुसरी घागर भरली की "हूं" करायची. म्हणजे पुरे.

मिस्त्रींचा मदतनीस सटवाजी गाडीत जाऊन बसला. "निघायचं का, मिस्त्री?"

"गाडी गेली की पाणी गेलं," मी पुटपुटले. पोरांचे कोरडे ओठ डोळ्यांपुढे आले.

चांगुणाबाई भोकाशी वाकल्या. "आत्याबाई, जितेपनी लय छळलं. आता तरी सरका की बाजूला!"

"हूं…"

"न्हाई सरकायच्या," मिस्त्री घाम पुसत म्हणाले. "जुनी खोड हाय."

"दोनच घागरी घेऊ. तुमची आन!" चांगुणाबाई भोकात ओरडल्या.

भोक गप्प झालं.

"लावा मशीन," मी म्हणाले.

बारावा रॉड मी घड्याळ बघेपर्यंत आत गेला होता. पाणी असं उसळलं, की गाडीत बसलेला सटवाजीसुद्धा भिजला.

पुढे तिथं हातपंप बसला. परवा चुडावा गावाहून लग्न होऊन आलेली एक नवी सून पहिल्यांदाच पाण्याला आली. दोन घागरी भरल्या आणि तिसरी रिकामीच ठेवून, डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली.

"का गं, पाणी येईना का?" मी विचारलं.

"येतंय की, बाई. पर ती म्हातारी पुरे म्हनायलीय…"

"कोण म्हातारी?"

तिने पंपाच्या पलीकडे बोट दाखवलं. फरशीवर कुणीच नव्हतं. मिश्रीची पिंक तेवढी होती… ओली.