आठहात्या कुठे गेला?

"भिंगरी, आठहात्याने तुला अजून धरलंय. टाक फासा!" बुटकी म्हणाली.

भिंगरीने फासा टाकला. दोन!

"नाही सुटलीस."

"परत? ढब्बू तिकडे तलवार चालवतोय आणि मी मघापासून नुसती लोंबकळतेय! जा, मी नाही खेळत!" धाकटी भिंगरी पाय आपटत मामाच्या सुतारखान्याबाहेर गेली.

बुटकीचा चेहरा उतरला. सुट्टीतला हा राक्षसांचा खेळ दरवर्षी मामी चालवायची. नकाशा तिचा, गोष्ट तिची आणि जाड तारेला काथ्या गुंडाळून केलेला, परातीएवढा आठहात्याही तिचाच. मामी देवाघरी गेल्यावर यंदा बुटकीने खेळ अंगावर घेतला होता. मामा मात्र खेळाकडे बघतही नव्हता.

"एकट्याने काय खेळू?" ढब्बू म्हणाला. "भिंगरी आली नाही तर खेळ बंदच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर फळीवरून आठहात्या गायब!

"भिंगरे, कुठे लपवलास?" ढब्बूने दरडावलं.

"मी कशाला लपवू? मला त्याचं तोंडही बघायचं नाही!"

बुटकीचं लक्ष भलतीकडेच होतं. नवं टेबल आरशासारखं स्वच्छ होतं. मामाकडे कामाला असलेले रंगारीकाका ओला ब्रश हाताला लागेल तिथे टेकवायचे, नव्याकोऱ्या लाकडावर डाग पडायचा आणि मामाचा आवाज चढायचा. हे रोजचंच होतं. आज डागाचा पत्ता नव्हता!

"मग काका ब्रश ठेवतायत कुठे?" ती कुजबुजली. भिंगरीचे डोळे चमकले. रुसवा बाजूला ठेवून ती दारामागे दबा धरून बसली.

"काका, एक ब्रश देता?" बुटकीने गोड आवाजात विचारलं.

काका कोपऱ्यातल्या पडद्याआड गेले आणि ब्रश घेऊन आले.

"अय्या, हा फार जाड. बारीक नाही?"

काका पुन्हा आत गेले.

"हा जरा जास्तच बारीक झाला हो!"

"अगं, रंगवायचंय काय तुला? मुंगीच्या मिशा?" काका कुरकुरत वळले. त्यांच्या पाठोपाठ भिंगरी मांजरीच्या पावलांनी आत शिरली आणि किंचाळली, "सापडला!"

सगळे धावले. आठहात्या खिळ्याला टांगलेला होता आणि त्याच्या वाकड्या हातांत ओले ब्रश अडकवलेले होते!

"आता हा कुणाला पकडणार?" ढब्बू खो खो हसला. "बिचाऱ्याचे हातच रिकामे नाहीत!"

बुटकी एकदम थांबली. "ढब्ब्या, परत बोल! अरे, खरंच की! ज्या हाताने धरलं, तो हातसुद्धा अडकला. त्या हाताने राक्षसाला दुसऱ्या कुणाला मारता येणार नाही! आणि ज्याला धरलंय तो तर त्याच्या अगदी जवळ. त्याने आतूनच भाल्याने टोचायचं!"

"म्हणजे लटकल्यावरही लढायचं?" भिंगरीने विचारलं.

"लटकल्यावरच जास्त!"

गोंगाट ऐकून मामा मघाच दारात येऊन उभा होता. तो पुढे आला. काकांची जीभ अडखळली. "ते... डाग पडतात म्हणून ओरडता ना... हा आयता हाताशी होता..."

मामा बराच वेळ आठहात्याकडे बघत राहिला. मग तो हसला. कित्येक महिन्यांनी हसला.

"तिने हे पाहिलं असतं ना, तर ओरडली नसती. तुम्हाला कमी पडू नयेत म्हणून आणखी दोन हात लावून दिले असते!" त्याने एकेक ब्रश अलगद सोडवून काकांच्या हातात दिला. "तुमच्या ब्रशांना मी खुंट्या ठोकून देतो. आणि बुटके, शाब्बास! राक्षस पकडलास तो पकडलास, वर त्याला वठणीवरही आणलंस. तिच्या हाताखाली शिकलीस खरी."

बुटकीने लगेच नकाशा पसरला. मामा चष्मा पुसत स्टूल ओढून बसला. "मला कुणी घेणार का खेळात?"

"घेऊ, पण नंबर लावायचा!" भिंगरी भाला उगारून ओरडली. "आठहात्या, आधी मला धर!"