अंग टाकायची जागा

नदीकाठच्या जंगलात तंबूंसाठी नवीन तळ निवडायचा होता. जुना तळ दीड वर्षापूर्वी बंद झाला होता. वनखात्याने तीन जागा सुचवल्या होत्या आणि त्यांतली एक पक्की करायला भूमापक हवा होता. ऑफिसात माझं नाव घ्यायला कोणी धजत नव्हतं, म्हणून मीच ते काम मागून घेतलं.

"तूच कशाला, बाबा?" मुलगी फोनवर म्हणाली. "बाकीची माणसं काय मेली?" आणि तिने एकदम जीभ चावली.

माझी बायको वारली ती त्या जुन्या तळावर. ती जागा मी निवडली होती.

वर्षातून दोनदा आम्ही तंबू घेऊन त्या खोऱ्यात जायचो आणि जागेवरून दर वेळी आमचं वाजायचं. मी यंत्र लावून उतार काढायचो, झाडाझुडपांत अडकलेल्या काडीकचऱ्यावरून पुराचं पाणी कुठपर्यंत चढतं ते बघायचो. बाईसाहेब खडे वेचून बाजूला करायच्या आणि सरळ गवतावर आडव्या व्हायच्या. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, चांगली दहा मिनिटं. "अंग टाकल्याशिवाय जागा कळत नाही," असं तिचं म्हणणं. नुसतं झोपून काम होत असेल तर सरकारने मला उगाच पगार दिला, असं मी तिला चिडवायचो.

शेवटच्या खेपेला ती दोन मिनिटांत उठली. "इथे नको. खालून गार लागतंय."

मी तिला झुडपांमधली कचऱ्याची रेघ दाखवली. ती आमच्या जागेपासून दोन मीटर खाली होती. मी आकडा सांगितला की ती पुढे वाद घालत नसे. तिने मुकाट्याने तंबू उलगडला.

वरच्या फांद्यांमध्येही तसाच काडीकचरा अडकलेला असणार, आणि आधी राहून गेलेल्या लोकांनी तो चुलीसाठी ओढून नेला असणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पुराची खरी खूण लोकांनी जाळून टाकली होती. मी उरलेली मोजली. भर दुपारी, डोक्यावर स्वच्छ ऊन असताना, वर कुठेतरी पडलेल्या पावसाचं पाणी आलं. ती तंबूत झोपली होती. मी दुर्बीण आणायला वर गाडीकडे गेलो होतो.

पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मोजणीतल्या चुका काढल्या. माझी एक चूक मला पुरून उरली आहे. मला तिच्याकडून एवढंच ऐकायचं होतं, की तिचा माझ्यावर राग नाही. हे कोणाला सांगणार? म्हणून त्या खोऱ्यात परत जायला ते काम मागून घेतलं.

सोबतीला वनरक्षक होते. निवृत्तीला आलेले, जाडजूड, गुडघेदुखीने वैतागलेले गृहस्थ. खोऱ्यात सगळे त्यांना मामा म्हणत. सकाळी दहाला आम्ही पहिल्या जागेवर पोचलो. नदीपासून जेमतेम शंभर पावलं, सावली चांगली, गवत गुडघ्याएवढं. मध्यभागी ते एका ठिकाणी दबलेलं होतं.

"हरीण बसलं असेल," मामा म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. सवयीने टेप लावली. डोक्यापासून दुमडलेल्या गुडघ्यांपर्यंत आकार नीट कळत होता. आकडा वहीत लिहिला नाही. ही जागा पुरात जाणारी होती, तिच्यावर काट मारली.

दुसरी जागा चढावर होती. तिथेही गवत दबलेलं होतं. तोच आकार, तीच डावी कूस. मी त्यावर हात ठेवला. भोवतालचं गवत दवाने ओलं होतं आणि तेवढाच तुकडा कोरडा होता, नुकत्याच सोडलेल्या अंथरुणासारखा कोमट. उशाशी खड्यांची छोटी रास होती.

मामांनी त्या राशीकडे बोट केलं.

"साहेब, हरीण खडे वेचत नाही."

"कोणी तरी येऊन गेलं असेल."

"रस्ता बंद आहे. किल्ली माझ्याकडे आहे." त्यांनी खिसा चाचपला. "आपण परत जाऊ या. कागदावर काय ते लिहून टाका, मी सही करतो."

"तिसरी बघायचीय, मामा."

माझा आवाज मलाच परका वाटला. मला भीती वाटत नव्हती. वाईट वाटत होतं, आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे आनंद होत होता.

तिसरी जागा सर्वांत वर, सपाट माळ. तिथून खालची नदी आणि जुना तळ स्पष्ट दिसत होता. पाणी इथवर यायला डोंगर बुडावा लागला असता. गवत मात्र सगळं सरळ उभं होतं. मी दोनदा पूर्ण माळ फिरलो. काही नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मामांना दिसू नये म्हणून मी यंत्राचे पाय ठोकत बसलो.

"साहेब," मामा हळूच म्हणाले.

माझ्यापासून चार हातांवर गवत खाली जात होतं. वारा नव्हता. आधी खांद्याकडचं, मग कमरेकडचं. मग गुडघे वर घेतले गेले.

मी बूट काढले, तिच्या पाठीमागे जाऊन आडवा झालो. मामा काही तरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही.

जमीन कोरडी होती. उबदार होती. चांगली जागा होती.

"माझं चुकलं गं," मी म्हणालो. "तू सांगत होतीस. मी ऐकायला हवं होतं."

मी कान देऊन तसाच पडून राहिलो.

मग माझ्यासमोरचं गवत उठायला लागलं. एकेक पातं, सावकाश. ती जागी होऊन बसावी तसं. माझा हात पुढे गेला, तर त्याला नुसतं ओलं गवत लागलं.

गवतात पावलांएवढे दबलेले डाग उताराकडे निघाले. खाली, नदीच्या दिशेने.

मी कड्यापर्यंत धावलो. मामांनी मागून माझा दंड धरला.

खाली जुन्या तळावर दीड वर्षात माजलेल्या गवतात एक चौकोन दबत चालला होता. दोन माणसांच्या तंबूएवढा. बाजू सरळ, कोपरे काटकोनात. एवढ्या उंचावरूनही मी ते सांगू शकत होतो. त्याच्या आत डावीकडे गवत आणखी खाली गेलं आणि तिथेच थांबलं.

उजवीकडची अर्धी जागा तशीच राहिली. मी नेहमी उजवीकडे झोपायचो.

"चला," मामा म्हणाले. "बूट घाला आणि चला."

मी मागे वळलो. माळावर यंत्र होतं, माझी पिशवी होती. बूट नव्हते.

आधी ते मामांना दिसले. माझ्या दंडावरची त्यांची पकड एकदम घट्ट झाली.

ते खाली होते, चौकोनाच्या दाराशी, एकमेकांना चिकटून नीट ठेवलेले.