भीमाबाईंची पहिली स्लाइड

२०११ साली मी पनवेलला, वडाळे तळ्याजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये पेशी तपासायचं काम करत होते. मार्चमध्ये उरणची किशोरी आपल्या आईच्या पित्ताची बाटली घेऊन आली. आई, भीमाबाई, मासळी विकायची. कावीळ उतरेना, म्हणून पित्त बाहेर वाहून जायला डॉक्टरांनी तिच्या यकृतात नळी घातली होती.

पित्तात पेशी फार वेळ टिकत नाहीत. मी लगेच नमुना यंत्रात फिरवला, तळाचा थर काचेवर पसरला, अल्कोहोलमध्ये बुडवून रंगवला. एका कोपऱ्यात नऊ पेशींचा पुंजका होता. केंद्रकं मोठी, काळी, एकमेकांवर चढलेली. पित्तनलिकेचा कॅन्सर. पुंजक्याभोवती मी शाईने गोल केला.

मुंबईत ऑपरेशन झालं. नळी काही महिने ठेवली होती, त्यामुळे दर महिन्याला बाटली यायची. मे, जून, जुलै. एकही वाईट पेशी नाही.

जुलैत ताडून पाहायला मार्चची स्लाइड काढली. पेशी चौदा भरल्या.

रंगवलेल्या स्लाइडवर सगळं मेलेलं असतं. वर काच चिकटवलेली असते. आमच्या डॉक्टर सत्यवती मॅडम म्हणाल्या, "मार्चमध्ये घाईत मोजल्या असशील."

मीही तसंच मानलं.

ऑगस्टमध्ये तेवीस. पुंजक्याची कड शाईच्या गोलाबाहेर आली होती. मॅडम बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. मग उठून हात धुवायला गेल्या.

त्या दिवशी किशोरीबरोबर बाटली घेऊन भीमाबाई स्वतः आली होती. डोळे पांढरेशुभ्र, अंग भरलेलं. माझ्यासाठी सुके बोंबील आणले होते.

"मी बरी हाय गो," ती म्हणाली. "पन ते गेलं कुटं?"

"कापून काढलं, मावशी."

"ते मुंबईला कापलं. त्याच्या आदी तुमच्याकडं दिलेलं, ते?"

मी बाटलीवर नंबर लिहू लागले. किशोरीने तिला दंडाला धरून उठवलं.

दोघी गेल्यावर मी ती स्लाइड पेटीतून काढून वेगळ्या डबीत ठेवली, कुलूप लावलं. पेटीत तिची खाच रिकामी दिसत होती.

शेजारच्या खाचेत उलव्याच्या चंद्रावतीबाईंची स्लाइड होती. पित्ताचे खडे काढताना घेतलेल्या नमुन्याची. मार्चचाच रिपोर्ट, माझ्याच अक्षरातला: निर्दोष.

ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

कोपऱ्यात पुंजका होता.

मी मोजला. नऊ.

रजिस्टरमधून नंबर काढून फोन लावला. त्यांच्या मुलाने, हरेशने, उचलला. काय सांगायचं ते ठरवलंच नव्हतं. "पनवेलच्या लॅबमधून बोलतेय," एवढंच म्हणाले.



"मॅडम, तुमाला कुनी सांगितलं?" तो म्हणाला. "आईचे डोले आज सकाळीच पिवले दिसले. आमी अजून घरात पन कुनाला बोललो नाय."